विशेषण, क्रियाविशेषण आणि वऱ्हाडी कान

(अमरावती व अकोला येथील स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांपुढे दिलेले व्याख्यान)



महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट ब व गट क या मुख्य परीक्षांत भाषेच्या प्रश्नपत्रिकेला तासाभरात शंभर प्रश्न सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला छत्तीस सेकंद येतात. उत्तर बरोबर आले तर दोन गुण मिळतात आणि चुकले तर अर्धा गुण वजा होतो. एवढ्या अवधीत व्याख्या आठवीत बसणे परवडणारे नाही. दुसऱ्या शब्दाविषयी अधिक माहिती सांगणारे जे शब्द, म्हणजे विशेषणे आणि क्रियाविशेषणे, त्यांच्यावरील प्रश्नांत तर पाठांतर हमखास दगा देते. म्हणून आज मी व्याख्या सांगणार नाही. वाक्याला प्रश्न कसा विचारावा, एवढेच सांगणार आहे.

‘मुलगी चांगली आहे’ आणि ‘मुलगी चांगली गाते’ ही दोन वाक्ये घ्या. ‘चांगली’ या शब्दाचे रूप दोन्हीकडे एकच आहे. पहिल्या वाक्यात ‘मुलगी कशी?’ असे विचारले की उत्तर मिळते. ते विशेषण, आणि नामानंतर विधेयात आल्यामुळे विधिविशेषण. दुसऱ्यात ‘कशी गाते?’ असे विचारावे लागते, ते क्रियाविशेषण. येथवर बहुतेकजण बरोबर येतात. पुढे प्रश्नकर्ता हळूच ‘अव्यय’ हा शब्द घालतो आणि तेथे गुण जातात. मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते; म्हणजे शब्द लिंगाप्रमाणे बदलला. जो बदलतो तो अव्यय कसा असेल? तेव्हा येथे ‘चांगली’ हे क्रियाविशेषण खरे, पण क्रियाविशेषण अव्यय नव्हे. ‘मुलगी छान गाते’ यातील ‘छान’ मात्र मुलासाठीही तसेच राहते.

हा घोटाळा विद्यार्थ्यांनी केलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. शब्दांच्या आठ जातींची आपल्या शालेय पुस्तकांतील मांडणी पुष्कळशी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आली, आणि ‘अव्यय’ ही कल्पना संस्कृतातून आली. दोन घरची ही मापे मराठीच्या अंगाला काही ठिकाणी तोकडी पडतात. मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा १९११ चा मोठा ग्रंथ ज्यांना सवड आहे त्यांनी अवश्य चाळावा. परीक्षेपुरता नव्हे, तर असे वाद किती जुने आहेत हे कळावे म्हणून.

‘तो पुढे गेला’ यात ‘पुढे’ स्वतंत्र उभा आहे, म्हणून क्रियाविशेषण अव्यय; ‘घरापुढे अंगण आहे’ यात तो नामाला चिकटला, म्हणून शब्दयोगी; ‘पुढची गल्ली’ म्हटले की त्याच शब्दापासून विशेषण झाले. यात अवघड काही नाही.

आता आपल्या वऱ्हाडच्या मुलांच्या खऱ्या अडचणीकडे वळतो. शिकवणीच्या छापील पुस्तकांत ती सहसा आढळत नाही. एक वाक्य ऐका : ‘मामा अकोल्याला जाऊन राहिले.’ प्रमाण मराठीत याचा अर्थ, मामा अकोल्याला गेले आणि तेथे त्यांनी मुक्काम केला. ‘जाऊन’ हे येथे ‘राहिले’ या क्रियेचे विशेषक आहे; आधी घडलेली क्रिया ते सांगते. परंतु आपल्या घरी आई म्हणते, ‘मामा अकोल्याले जाऊन रायले’, तेव्हा मामा अजून फाटकाशी असतात! ‘जात आहेत’ हाच तेथे अर्थ. ‘जाऊन’ हीच मुख्य क्रिया आणि ‘रायले’ हे तिचे चालू असणे दाखविणारे सहायक. शब्द जवळजवळ तेच, पण व्याकरण संपूर्ण वेगळे.

याला चूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वऱ्हाडीचे हे नियम तितकेच काटेकोर आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी बोलीची नोंद आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राशी ज्याचे नाव जोडलेले आहे ते रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. तेव्हा न्यूनगंडाचे कारण नाही. फक्त परीक्षेच्या कागदावर कोणत्या मराठीचा नियम विचारला आहे, याचे भान हवे. घरचा कान घरी खरा आणि कागदाचा कान कागदावर खरा.

त्यासाठी एक कसोटी सांगतो. ‘-ऊन’ प्रत्ययाचा शब्द दिसला की तो वाक्यातून काढून पाहा. ‘त्याने पत्र लिहून टपालात टाकले’ यातून ‘लिहून’ काढा. ‘पत्र टपालात टाकले’ हे मूळ विधान शाबूत राहते. म्हणून ‘लिहून’ हे विशेषक. ‘त्याने पत्र लिहून टाकले’ यातून तोच शब्द काढला तर पत्र कोठेतरी फेकून दिल्याचा अर्थ होतो. म्हणून तेथे ‘लिहून टाकले’ हे संयुक्त क्रियापद. आईच्या वाक्यातून ‘जाऊन’ काढा. मामांचे निघणेच नाहीसे होईल. तीच कसोटी, दोन्ही मराठींना लागू.

या ‘-ऊन’ रूपाचा आणखी एक नियम वाक्यशुद्धीच्या प्रश्नांत येतो. दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा, असा तो नियम. संस्कृतातील ‘गत्वा’, ‘कृत्वा’ या रूपांसाठी पाणिनीने हाच नियम घातला आहे. ‘अमरावतीला पोहोचून पाऊस सुरू झाला’ हे वाक्य बिघडलेले आहे, कारण अमरावतीला पाऊस पोहोचलेला नाही, प्रवासी पोहोचले आहेत. ‘पोहोचल्यावर’ किंवा ‘पोहोचताच’ म्हटले की वाक्य सुधारते. त्या रूपांना वेगळा कर्ता चालतो. पण नियम डोळे मिटून लावू नका. ‘बाबा अमरावतीला येऊन दहा वर्षे झाली’ हे वाक्य शुद्ध आहे. किती काळ लोटला हे सांगताना मराठीने ही सवलत ठेवली आहे.

शब्दाच्या जागेविषयी थोडे बोलतो. ते परीक्षेपेक्षा पुढील नोकरीत अधिक कामी येईल. ‘समितीने फक्त सोमवारी कापूस मोजला’ आणि ‘समितीने सोमवारी फक्त कापूस मोजला’. पहिल्या वाक्याने मंगळवारी गाडी घेऊन येणारा परत जातो, दुसऱ्याने सोमवारी तूर आणणारा. मराठीत शब्दक्रम सैल आहे असे आपण म्हणतो, आणि विभक्तीच्या शब्दांपुरते ते खरे आहे. ‘फक्त’, ‘सुद्धा’, ‘च’ यांना मात्र ती मोकळीक नाही. ‘फक्त’ ज्याच्या अगोदर बसतो त्याला मर्यादा घालतो. ‘सुद्धा’ आणि ‘च’ ज्याच्या मागून येतात त्याच्यावर जोर देतात. उद्या आपल्यापैकी कोणी कार्यालयात सूचना लिहील तेव्हा शेतकऱ्याची खेप या एका शब्दावर अवलंबून असेल.

फळ्यावर मी तीन वाक्ये लिहिली आहेत : ‘मुले हसून बोलली’, ‘हसरी मुले बोलली’, ‘मुले हसून गेली’. प्रत्येकाला छत्तीस सेकंद घ्या. तिसऱ्या वाक्यावर आपला मतभेद होईल असे मला वाटते. तेथून आपण चर्चेला सुरुवात करू.