हद्द न मानणारे तण

जबलपूर जिल्ह्यातील कुंडम तालुक्यात शेत, गायरान, रस्ता आणि जंगल एकमेकांना लागून आहेत. जमीन सलग असली तरी तिचे कारभारी निरनिराळे आहेत. गायरान महसूल खाते व ग्रामपंचायतीकडे, रस्त्याच्या कडा बांधकाम खात्याकडे, तर जंगल वनखाते आणि मध्य प्रदेश राज्य वन विकास निगमाकडे असते. परदेशातून आलेले तण या हद्दी मानत नाही.

गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याचा ठळक प्रादुर्भाव 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदला गेला. त्याचे एकच झाड हजारो बिया धरते. वारा, पाणी आणि वाहनांची चाके त्या दूरवर नेतात. या गवतामुळे अंगाला खाज सुटते, दमा बळावतो आणि गुरांचा चारा घटतो. घाणेरी हे असेच दुसरे परदेशी तण. तिची फळे पक्षी खातात आणि तिचे बी जंगलभर पसरते. ती नुसती छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट काढावी लागते आणि मोकळ्या जागी स्थानिक गवत लावावे लागते.

उपायांचे ज्ञान जवळच आहे. केंद्राची तण संशोधन संस्था 1989 पासून जबलपुरात काम करते. तिच्यामार्फत दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. पावसाळ्यात हे गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटणे, पडीक जागी टाकळ्याचे बी टाकणे आणि गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे सोडणे, हे प्रमुख उपाय होत. हे भुंगेरे 1983 मध्ये मेक्सिकोहून भारतात आणले गेले. शेजारच्या कटनी जिल्ह्यातील पडुआ गावाचे तळे साल्विनिया या पाणवनस्पतीने झाकले होते. तेही संस्थेने सोडलेल्या दुसऱ्या जातीच्या भुंगेऱ्यांनी मोकळे केले.

एका खात्याने आपला तुकडा साफ केला आणि शेजारचा तसाच राहिला, तर पुढच्या पावसात बी परत येते. म्हणून सर्व खात्यांचा नकाशा एक हवा, मोहिमेची तारीख एक हवी आणि प्रत्येकाचा खर्च आधी ठरलेला हवा. जमिनीतले बी अनेक वर्षे रुजत राहते, तेव्हा पाहणीही सलग काही वर्षे चालली पाहिजे. ग्रामसभेने या कामात पुढाकार घ्यावा, खात्यांना एकत्र बसवावे आणि तण फुलण्याआधीच कामाला लावावे.