छातीची दुखापत आणि आभासी सृष्टीतील व्यायाम



छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. वाहनाचा अपघात झाला, कोणी माडावरून पडले किंवा गुराने शिंग मारले, तर त्यांतील एखाददुसरी मोडते. साधी मोडलेली बरगडी बहुधा ६ आठवड्यांच्या सुमारास आपली आपण सांधते. खरे भय श्वासाचे आहे. दीर्घ श्वास घेताच कळ येते, म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो व खोकला दाबून धरतो. मग फुफ्फुसांचा तळाकडील भाग नीट फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया जडतो. वृद्धांच्या ते जिवावर बेतते. घरची माणसे मात्र मायेपोटी म्हणतात, "आजोबांना हलवू नका, पडून राहू द्या." छाती पट्ट्याने आवळण्याची जुनी रीतही याच कारणास्तव त्याज्य ठरली आहे.

कळ असतानाही श्वास घ्यावयास लावणे, हे या उपचारातील अवघड काम. वेदनाशामक औषध तर हवेच. त्याच्या जोडीस आता आभासी सृष्टीचे साहाय्य घेता येते. डोळ्यांवर जाडजूड चष्म्यासारखे यंत्र चढवले, की मान वळेल तिकडचे दृश्य दिसू लागते. अमेरिकेतील सिअॅटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटर्सन यांनी १९९० नंतरच्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी हा मार्ग चोखाळला. जखमा धुतल्या जात असता रुग्ण बर्फाळ दरीत हिंडत हिमगोळे फेकी, आणि वेदना कमी जाणवल्याचे सांगे. चित्त दुसरीकडे गुंतले, की वेदनेच्या वाट्याला ते कमी येते. रडत्या मुलाला चिमणी दाखविणारी आई हेच करीत असते!

छातीच्या रुग्णाला संथ श्वासाबरोबर फुलणारे कमळ दाखविता येते. समोरची फळे तोडण्याच्या निमित्ताने खांदे मोकळे करून घेता येतात. मात्र छातीच्या दुखापतीपुरता याचा पुरावा अद्याप तोकडा आहे. काहींना भोवळ वा मळमळ होते. डोक्यालाही मार असेल किंवा फेफरे येत असेल, तर डॉक्टरांच्या संमतीवाचून हे यंत्र लावू नये.

यंत्र नसले तरी व्यायाम अडत नाही. तीन चेंडूंचे स्वस्त श्वसनयंत्र आहे. उशी छातीशी धरून खोकावे, उठून बसावे, डॉक्टरांच्या अनुमतीने चार पावले चालावे. ताप आला, धाप वाढली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.