पातळपणाचे सामर्थ्य



मराठीच्या प्राध्यापकाने विद्युत्-उपकरणांविषयी बोलावे, हा अधिकारातिक्रमच होय. परंतु गेल्या वर्षी हृदयाचे ठोके नोंदविण्यासाठी चोवीस तास छातीवर चिकटपट्ट्या आणि तारा वागविल्या, त्वचेवर फोड उठले, आणि जिज्ञासा जागी झाली.

आपल्या इंदूरच्या बर्फीवरील वर्ख आठवा. चांदीचा रुपया हाताने वाकत नाही. वर्ख मात्र प्रत्येक उंचवट्यावर अलगद बसतो. धातू तोच. पत्र्याची जाडी निम्मी केली की त्याचा ताठरपणा एक-अष्टमांशावर येतो!

२००४ साली मँचेस्टर विद्यापीठात गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे, म्हणजे आपल्या पेन्सिलीतील 'शिशा'चे, थर सोलून एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. तेच ग्राफीन, २०१० चे नोबेल त्यासाठीच. पुढे २०१७ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी आधाराच्या थरासह अवघ्या ४६३ नॅनोमीटर जाडीचे ग्राफीनचे 'गोंदण' सिद्ध केले. ते गोंदावाचून त्वचेच्या सुरकुत्यांत बसते आणि हृदयाचे संकेत टिपते. माझ्या आजीचे गोंदण जन्मभराचे होते. हे चिकटपट्टीने निघते.

अडचण उरते ती सांध्याची. एवढ्या नाजूक पापुद्र्यातून संकेत बाहेर न्यायला जाड तार जोडावी लागते, आणि फाटण्याचे भय नेमके तेथेच असते.