पाऊल मुरगळलें तर



आषाढ-श्रावणांत कोंकणची वाट बुळबुळीत होते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत ओल्या अंगणांतून मूर्ति उचलून नेणारा कारागीर, रोह्याकडे शेताच्या बांधावरून भाताच्या रोपांचा भारा वाहणारी बाई, आणि सुटीच्या दिवशीं अवचितगड उतरणारा मुंबईचा एखादा हौशी तरुण, या तिघांवर एकच प्रसंग येऊं शकतो. पाऊल आंत वळतें, घोट्याच्या बाहेरच्या अंगास कळ येते, आणि घटकाभरांत सूज चढते. तरुणाला चार दिवसांची रजा मिळते. पहिल्या दोघांचा मात्र सारा हंगाम त्या एका पावलावर अवलंबून असतो. म्हणून या साध्या वाटणाऱ्या दुखण्याविषयीं आज चार शब्द सांगतों.

अशा वेळीं घरांत पहिला सल्ला मिळतो तो, "शीर सरकली आहे, चोळून बसवा," हा. वास्तविक शीर कोठेंच सरकलेली नसते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूस हाडाला हाड जखडून ठेवणारे तीन चिवट पट्टे आहेत. त्यांस अस्थिबंध म्हणतात. पाऊल वळलें कीं बहुधा त्यांतील पुढचा बंध ताणतो किंवा फाटतो. ही जखमच आहे. कातडीखालीं असल्यामुळें ती दिसत नाहीं, इतकेंच. उघड्या जखमेवर कोणी जोरानें तेल चोळील काय? पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळल्यानें व ओढल्यानें आंतील रक्तस्राव आणि सूज मात्र वाढते. आंबेहळदीच्या लेपास हरकत नाहीं. पण त्यानें फाटलेला बंध सांधत नाहीं.

हाड मोडलें असेल काय, हें कसें ओळखावें? कॅनडांतील ऑटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं याचा सुटसुटीत नियम घालून दिला. घोट्याच्या दोहों बाजूंच्या हाडांच्या टोकाशीं किंवा मागच्या कडेवर दाबतांच दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरील उंचवटा किंवा त्यासमोरील आंतल्या बाजूचें हाड दाबून दुखत असेल, अथवा चार पावलेंही टाकतां येत नसतील, तर क्ष-किरणांचें चित्र काढून घ्यावें. लहान मुलें, आणि मधुमेहानें पाय बधिर झालेलीं माणसें यांनीं या नियमावर न विसंबतां डॉक्टरांनाच दाखवावें.

हाड शाबूत असेल तर पाय उशीवर उंच ठेवावा व घोट्यास लवचीक पट्टा बांधावा. मात्र बोटें निळीं किंवा बधिर पडतील इतका तो आवळूं नये. विश्रांति आणि बर्फ यांचा पुरस्कार अमेरिकेंतील डॉ. गेब मर्किन यांनीं १९७८ सालीं केला. पुढें २०१४ सालीं त्यांनींच लिहिलें कीं, या दोहोंमुळें बरें होण्यास विलंब लागूं शकतो. तेव्हां बर्फ फडक्यांत गुंडाळून, कळ शमविण्यापुरताच थोडा वेळ लावावा. एक-दोन दिवसांनंतर, सोसवेल तितकें, पाऊल वर-खालीं हलवावें आणि काठीच्या आधारानें चालूं लागावें.

परंतु खरी चूक होते ती यापुढें. सूज उतरली, कळ थांबली, कीं पाय बरा झाला असें आपण समजतों. पाऊल कसें पडलें आहे, याची वर्दी मेंदूला देणारे सूक्ष्म ज्ञानतंतु या बंधांत असतात. दुखापतीनें ती वर्दी मंदावते. मग अंधारांत किंवा बांधावर पाऊल वळूं लागलें तर तें वेळींच सांवरत नाहीं, आणि तोच पाय पुनः पुनः मुरगळतो. उपाय बिनखर्चाचा आहे. पायावर भार सोसवूं लागला कीं भिंतीजवळ उभें राहून त्या एका पायावर अर्धें मिनिट तोल सांभाळावा. जमूं लागलें कीं तेंच डोळे मिटून करावें. दिवसांतून दोन-तीनदां, असें कांहीं आठवडे करावें.

शेवटीं एक विनंति. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई उद्यां लंगडतांना दिसली, तर तिला तेलाची बाटली देऊन कामाला लावूं नका. दोन दिवसांची रजा पगार न कापतां द्या, आणि पाय सुधारल्यावर एका पायावर उभें राहण्याची ही रीत तिला करून दाखवा. तिचा संसार त्याच पायांवर उभा आहे.