काजळी कुणाच्या तोंडाला?

(वस्तीतल्या वाचनालयात केलेलं भाषण)



अमेरिकन नाटकाच्या इतिहासावर बोल, असं मला सांगितलंय. मी मॅट्रिक. दिवसा गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. अमेरिका पाहिली ती पुस्तकात. पण नाटकाचं एक दुखणं माझ्या स्वतःच्या अंगावर आहे. तिथनंच सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वी एका कामगार नाट्यस्पर्धेत मला काम मिळालं. काम कसलं, तर पाटलाच्या वाड्यावरचा गडी. दारू प्यायची, लाथ खायची, लोकांना हसवायचं. रंगवणाऱ्याने माझ्या तोंडाला काजळी फासायला घेतली. मी म्हटलं, "अरे, मी काळाच आहे की." तो म्हणाला, "गडी गड्यासारखा दिसला पाहिजे." प्रयोग रंगला. लोक पोट धरून हसले. टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, टाळ्या गोड लागल्या. माझी माय तिसऱ्या रांगेत होती. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुझा आजा असा होता का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी हुडकायला लागलो, की दुसऱ्याच्या तोंडाला काजळी फासून हसायचा हा धंदा जगात आणखी कुणी केला. त्याची सगळ्यात मोठी पेढी सापडली अमेरिकेत.

पण पेढीच्या आधी न्यूयॉर्कात वेगळंच घडलं होतं. विल्यम ब्राऊन नावाचा एक काळा माणूस. बोटीवर स्टुअर्ड होता, म्हणजे उतारूंच्या खाण्यापिण्याची उठबस करणारा. शहरातल्या करमणुकीच्या बागा काळ्यांना बंद, म्हणून त्याने आपल्या घरामागच्या आवारात काळ्यांसाठी बाग काढली. चहा, दारू, आइस्क्रीम, गाणं. १८२१ साली तिचं थिएटर झालं. आफ्रिकन ग्रोव्ह म्हणून ते ओळखलं जातं. पहिलं नाटक शेक्सपिअरचं, 'तिसरा रिचर्ड'. त्यांचा मोठा नट जेम्स ह्युलेट, तोही बोटीवर स्टुअर्डचं काम केलेला. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी १८२७ साली संपली, म्हणजे हे थिएटर चालू होतं तेव्हा तिथं गुलामही होते. त्याच १८२१ साली राज्याने गोऱ्यांची मालमत्तेची अट उठवली आणि काळ्यांना मात्र मतासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. मत नाही, पण राजाचं काम करणार! हे कुणाला सहन होणार?

गोरेही बघायला येऊ लागले. येऊन दंगा करायचे. तेव्हा ब्राऊनने काय केलं? मागच्या बाजूला आडोसा घातला आणि गोऱ्यांना तिथं बसवलं. कारण दिलं, की सभ्य लोकांच्या करमणुकीत कसं वागावं हे त्यांना कळत नाही. दोस्तहो, दोनशे वर्षांमागची गोष्ट आहे. मी हे वाचलं तेव्हा रात्री एक वाजता एकटाच हसलो.

नंतरचं हसण्यासारखं नाही. १८२२ च्या जानेवारीत ही मंडळी गोऱ्यांच्या मोठ्या पार्क थिएटरच्या शेजारी खेळ करायला गेली. पोलिसांनी नटांना उचललं. पुन्हा शेक्सपिअर करणार नाही असं वदवून मग सोडलं, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच वर्षी गुंडांनी थिएटर फोडलं, कपडे फाडले, नटांना आणि ब्राऊनला मारलं. तरी १८२३ साली ब्राऊनने स्वतःचं नाटक लावलं, 'किंग शॉटअवे'. सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या काळ्या कॅरिब लोकांनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावावर. अमेरिकेतल्या काळ्या माणसाने लिहिलेलं आणि रंगमंचावर आलेलं हे पहिलं नाटक. त्याची संहिता आज नाही. ते थिएटर बंद पडलं, आणि आयरा ऑल्ड्रिज नावाच्या काळ्या पोराने नट होण्यासाठी देश सोडला. १८३३ साली तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो झाला. पुढं त्याने तोंडाला पांढरा रंग लावून राजा लियरही केला.

आता काजळी. १८३० च्या सुमारास टी. डी. राइस या गोऱ्या नटाने बूच जाळून त्याची काजळी तोंडाला लावली, फाटके कपडे घातले आणि काळा माणूस म्हणून उड्या मारल्या. त्याच्या ह्या सोंगाचं नाव जिम क्रो. थिएटरं भरली. १८४३ पासून अशा सोंगाड्यांचे ताफेच निघाले, मिन्स्ट्रेल म्हणतात ते. त्यांचा काळा माणूस आळशी, भित्रा, कोंबडीचोर आणि गुलामीत खूष. पुढं काळ्यांना वेगळ्या डब्यात, वेगळ्या शाळेत, वेगळ्या नळावर ठेवणारे कायदे झाले, त्यांना लोकांनी नाव दिलं जिम क्रोचे कायदे. सोंगाचं नाव कायद्याला! विनोद म्हणून सोडून द्या, असं जो म्हणतो त्याला हे सांगा.

त्याहून वाईट पुढं आहे. काळ्या नटाला रंगमंचावर यायचं तर त्यालाही काजळी लावावी लागली. बर्ट विल्यम्स हा त्या काळातला फार मोठा विनोदी नट. रंगाने उजळ. तोही बूच जाळून तोंड काळं करायचा. १९१० पासून झिगफेल्डच्या प्रसिद्ध खेळात गोऱ्यांबरोबर उभा राहिला तो तसाच. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच शहरात त्याच वर्षांत हा माणूस तोंड रंगवत होता. टाळ्या त्यालाही गोड लागल्या असतील. मी त्याला दोष देणार नाही. मला तो अधिकार नाही.

मग स्वतःचं कोण लिहिणार? लिहिलं पळून आलेल्या एका गुलामाने. विल्यम वेल्स ब्राऊन, यानेही आगबोटींवर काम केलेलं. १८५८ साली त्याचं 'द एस्केप' छापलं गेलं. काळ्या अमेरिकनाचं छापलेलं पहिलं नाटक. थिएटर कुठलं मिळणार? गुलामगिरीविरोधी सभांत तो एकटाच उभा राहून सगळी पात्रं वाचायचा.

ब्रॉडवेवर काळ्या बाईचं पहिलं नाटक आलं त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५९ साली. लोरेन हॅन्सबेरी, वय २८, नाटक 'अ रेझिन इन द सन'. शिकागोतलं कोंदट घर. बाप मेल्यावर विम्याचे दहा हजार डॉलर येतात. आई गोऱ्यांच्या मोहल्ल्यात घर घेते. तर तिथला लिंडनर नावाचा गोरा येतो, अगदी गोड बोलतो, आणि म्हणतो, पैसे घ्या पण राहायला येऊ नका. हे तिने हवेतनं आणलेलं नाही. १९३७ साली तिच्या बापाने असंच घर घेतलं तेव्हा जमावाने हल्ला केला होता, सात-आठ वर्षांची लोरेन विटेपासून थोडक्यात वाचली, आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. आडनाव सांगितल्यावर "खोली कालच गेली" असं ज्यांनी ऐकलंय, त्यांना लिंडनर समजावून सांगायला नको.

१९६५ साली माल्कम एक्सचा खून झाला, आणि लिरॉय जोन्स, पुढचा अमिरी बराका, हार्लेममध्ये आला. काळ्यांचं थिएटर काढलं, नाटक रस्त्यावर नेलं. ते वर्षभरातच मोडलं, पण ठिणगी पडली. त्याच पेटत्या दशकात ब्लॅक पँथर आले, ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत आपल्या पँथरने नाव घेतलं. पण बराकाच्या रागात बायकांबद्दल आणि ज्यूंबद्दल जे घाण आलं, तेही डोळे उघडे ठेवून वाचा. राग आपला म्हणून सगळाच खरा नसतो.

मला सगळ्यात जवळचा ऑगस्ट विल्सन. शाळेत नेपोलियनवर निबंध लिहिला, तो मास्तरला खराच वाटेना, म्हणून याने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि लायब्ररीत बसून वाचलं. त्याचं 'फेन्सेस', १९८७ चं पुलित्झर. त्यात ट्रॉय मॅक्सन हा कचऱ्याच्या गाडीवरचा कामगार साहेबाला विचारतो, गाडी चालवणार गोरे आणि डबे उचलणार काळेच, असं का? पाळीवर हुक खांद्याला लावताना मला हे रोज आठवतं. ट्रॉय ड्रायव्हर होतो. आणि हाच ट्रॉय बायकोला फसवतो, पोराची स्वप्नं मोडतो. विल्सनने त्याला काजळी लावली नाही आणि चुनाही लावला नाही.

मायच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडायला लागलं. माझा आजाही गोदीतला. तो प्यायचा, हे खरं. आजीला मारायचा, हेही खरं. आणि अक्षरओळख नसताना रोज पेपर विकत आणून चाळीतल्या पोरांकडून मोठ्याने वाचून घ्यायचा, हेही तेवढंच खरं. त्या स्पर्धेतल्या गड्याच्या हातात पेपर नव्हता. तो कुणी दिला नाही आणि मीही मागितला नाही. ती चूक माझी.

आता मी लिहितोय. पहिला अंक झाला. दुसऱ्यात आजी बोलायला लागलीय, आवरत नाही. पुढच्या महिन्यात ह्याच वाचनालयासमोर वाचून दाखवतो. रंगाचा डबा लागणार नाही. पुढं माय बसेल, आणि वाचून झाल्यावर मी तिला विचारीन, आजा असा होता का. ती नाही म्हणाली तर पुन्हा लिहीन.