नदीकाठ सुधारतो तेव्हा पाटी कुठे जाते?

(पुण्यातल्या पथारीवाल्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ बांधून काढायची योजना आता नुसती कागदावर राहिलेली नाही. बंडगार्डनच्या बाजूने काम सुरू झालं. नदीचं, पुराचं, झाडांचं काय होणार यावर शहरात बरंच बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं. पण काठाला जोडणाऱ्या रस्त्यांवर ज्या बायका पाटी घेऊन बसतात, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज तेवढंच बोलते.

अशा योजनांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. गुळगुळीत फरशी, झाडं, सायकलवाले, हातात कॉफीचा कागदी पेला घेतलेली मुलगी. कणसं भाजणारी बाई त्या चित्रात नसते. तिला कुणी मुद्दाम पुसलेलं नसतं. ती काढणाऱ्याच्या डोक्यातच आलेली नसते.

मग तिथे कोण येतं? काठ सुधारला की भाडं वाढतं. वाढलेलं भाडं आणि लाखांची अनामत घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईला झेपत नाही. शंभर शाखांच्या कंपनीला झेपते, कारण एका शाखेचा तोटा दुसरी भरून काढते. जागामालकालाही मोठं नाव हवं असतं. म्हणून कुठल्याही शहरात जा, तोच पिझ्झा, तोच बर्गर, तीच कॉफी.

या दुकानांवर मी सरसकट रागावलेली नाही. आपल्याच मुली तिथे बसतात. तिथे स्वच्छ संडास असतो आणि एकटी बसलेल्या मुलीला कोणी 'इथे काय करतेस' असं विचारत नाही. आपल्या शहरांनी बायकांना संडाससुद्धा धड दिलेले नाहीत, तेव्हा या गोष्टीची किंमत मी कमी लेखणार नाही. पण शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईबद्दल 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली लिहिलं. त्यात त्या दाखवतात, की कॉफीच्या दुकानात बाईला जागा मिळते ती गिऱ्हाईक म्हणून, नागरिक म्हणून नव्हे. पर्समध्ये पैसे असतील तोवर बसायचं. भांडी घासून घरी निघालेली बाई थकली, तर तिने कुठे टेकायचं?

आता रस्त्याचं बघा. पुलाजवळच्या एखाद्या रस्त्यावर पहाटे फुलवाली येते. मग पोह्यांची गाडी. दहाच्या सुमाराला भाजी, दुपारी लिंबूपाणी, संध्याकाळी कणसं आणि भेळ, रात्री भुर्जी. सोळा-सतरा तास तिथे कोणी ना कोणी असतं, आणि ते रस्त्याकडे तोंड करून असतं. कोणाच्या मागे कोण लागलंय, कोणाची मुलगी रडत चाललीय, हे त्यांना दिसतं. अमेरिकेत जेन जेकब्स यांनी १९६१ साली हेच लिहिलं. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, तर दुकानदारांच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या डोळ्यांमुळे. आपल्या भाजीवाल्यांना ते पुस्तक न वाचताच ठाऊक आहे!

काचेचं दुकान सकाळी अकराला उघडतं. एसीमुळे दार बंद. आतल्यांची पाठ रस्त्याला. बाहेरचा वॉचमन पायरीसमोर कोणी बसू नये म्हणूनच ठेवलेला. अशी पाच दुकानं ओळीने आली, की पाटीवालीला उठवलं जातं, आणि रात्री दुकानं मिटली की त्याच फरशीवरून मुलींना झपझप चालावं लागतं. माझ्या ओळखीची एक मुलगी अशाच एका दुकानात काउंटरवर होती. रात्री साडेअकराला सुटायची. घरी कशी जाते हे तिला मालकाने कधी विचारलं नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा म्हणतो, की रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षिततेची व वाहनाची सोय मालकाने करायची. त्या मुलीच्या वाट्याला हा कायदा आला नाही. तिला आधार होता तो कोपऱ्यावरच्या भुर्जीवालीचा. रिक्षा मिळेपर्यंत ती तिला आपल्या स्टुलावर बसवून ठेवायची.

पुण्याचा आराखडा ज्यांनी केला त्यांनीच अहमदाबादचा साबरमतीचा काठ आखला होता, म्हणून तिकडे पाहू. तिथे काम २००५ साली सुरू झालं. काठावरची हजारो कुटुंबं उठली. कोर्टात गेल्यावर अनेकांना घरं मिळाली, पण त्यातली बरीच वटव्यासारख्या लांबच्या टोकाला. घरकाम करणाऱ्या बाईला लांबचं घर म्हणजे सुटलेली कामं, हे तुम्हाला मी समजावायला नको. त्याच काठावर, एलिस ब्रिजखाली, १९५४ पासून रविवारी गुजरी बाजार भरायचा. जुने कपडे, भांडी, अवजारं, पुस्तकं. हा बाजार मुळात सुलतान अहमदशहाच्या काळचा मानतात. विक्रेते संघटित होते. त्यांनी हायकोर्ट गाठलं, आपला पर्यायी नकाशा मांडला. त्यामुळे बाजार काठावरून हटला नाही. २०१४ साली तिथेच नवे ओटे बांधून मिळाले. ज्यांची संघटना नव्हती, त्यांचा मात्र हिशोब लागला नाही.

आपल्या हातात २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. पाहणी होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस हवी. शहराच्या फेरीवाला समितीत चाळीस टक्के विक्रेते आणि त्यातल्या एकतृतीयांश बायका असल्या पाहिजेत. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार ठरतो, तो हलवता येत नाही. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा यातलं एकही कलम कोणी वाचून दाखवत नाही, ते आपणच पाठ असू द्यायचं.

आणि एक अवघड गोष्ट. पाटीवर दिवसभर बसते ती, आणि ओळखपत्र नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर! पुनर्वसनाचा ओटा कागदावरच्या नावाला मिळतो. नवरा दारूपायी तो भाड्याने देऊन टाकतो, अशा गोष्टी तुम्हीच मला सांगितल्या आहेत. घरात यावरून भांडण होईल. होऊ द्या, आम्ही बरोबर येऊ.

ज्यांची कागदपत्रं दुसऱ्याच्या नावावर आहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या बाजूला थांबावं. वकील मैत्रिणी तिथे बसल्या आहेत. जुन्या पावत्या, दंडाच्यासुद्धा, टाकून देऊ नका. कोणत्या साली तुम्ही कुठे बसत होता, याचा पुरावा दंडाच्या पावतीतही असतो.