मालधक्क्यावरचा माल कुणाचा?



वसंत ऋतूतली संध्याकाळ आणि विषय कायद्याचा, तेव्हा मंडळी कितपत जमतील याची आम्हांस धास्ती होती. पण विषय तुमच्या दारातला आहे. मुंबईहून निघालेली लोखंडी वाट १८६०च्या दशकात येथे पोचून पुढे भुसावळास गेली, १९०० साली धुळ्याचा फाटा निघाला, आणि चाळीसगाव जंक्शन झाले. कापसाच्या गाठी, सरकी, धान्य, कोळसा असा किती माल या रुळांवरून गेला असेल! आणि माल जातो तेथे तो मध्येच नाहीसा करणारेही असतात.

आता एक साधा प्रश्न. आपण मालधक्क्यावर शंभर गाठी रेल्वेच्या हवाली केल्या, पावती घेतली, घरी आलो. वाटेत वाघिणीचे सील तुटले आणि दहा गाठी गेल्या. चोरी कुणाची झाली? आपली की रेल्वेची?

१९५५ सालच्या कायद्याचे उत्तर व्यापाऱ्याला फारसे उपयोगाचे नव्हते. तो कायदा रेल्वेच्या स्वतःच्या सामानापुरता होता. रूळ, फिशप्लेट, पितळी सुटे भाग चोरीचे म्हणून सापडले तर तो लागू. वाघिणीतल्या गाठींसाठी मात्र साध्या चोरीचे कलम. ही उणीव १९६६च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्याने भरून काढली. तो १ एप्रिल १९६८पासून अमलात आला. रेल्वेच्या मालकीची वस्तू तर रेल्वेची मालमत्ता खरीच; पण जी वस्तू रेल्वेच्या ताब्यात किंवा हवाली आहे तीही रेल्वेचीच मालमत्ता समजावी, असे त्याने ठरविले. म्हणजे ज्या घटकेस आपण गाठी सोपविल्या, त्या घटकेपासून या कायद्यापुरत्या त्या रेल्वेच्या झाल्या. गाठ आणि फिशप्लेट एका पंगतीस बसल्या.

शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पहिल्याच गुन्ह्यास, न्यायाधीशांनी निकालपत्रात विशेष कारण नोंदविल्याखेरीज, एक वर्षाहून कमी कैद नाही आणि हजार रुपयांहून कमी दंड नाही. दुसऱ्या वेळी दोन वर्षे आणि दोन हजार. आपल्या जागेत असा माल ठेवू देऊन डोळेझाक करणारा जागामालकही यात सापडतो.

पण आम्हांस थांबायचे आहे ते दुसऱ्याच जागी. आपल्या न्यायपद्धतीत गुन्हा सरकारने शाबीत करावयाचा असतो. आरोपीने गप्प बसले तरी चालते. या कायद्यात ते चालत नाही. वस्तू रेल्वेची आहे, ती आपल्याजवळ सापडली आणि ती चोरीची असावी असा वाजवी संशय आहे, एवढे दिसले की ती आपल्याकडे सरळ मार्गाने आली हे आपणच सिद्ध करावयाचे. समजा, एखाद्या भंगारवाल्याने पोत्यातल्या किलोभर लोखंडाची रोख किंमत मोजली. पावती कोण देतो आणि कोण मागतो? त्या पोत्यात रुळांच्या दोन चाव्या निघाल्या, तर ज्याने त्या उपटल्या तो केव्हाच पसार झालेला असतो आणि कोर्टात उभा राहतो तो भंगारवाला. चोरी करणारालाच याच कलमात नाव घेऊन गोवण्याची दुरुस्ती २०१२ साली झाली. ती इतक्या उशिरा का झाली, हे आम्हांस आजही उमगलेले नाही.

आणखी एक गुंता. राज्यघटनेप्रमाणे रेल्वे केंद्राची आणि पोलीस राज्याचे. त्यामुळे एकाच फलाटावर दोन गणवेष दिसतात. प्रवाशाचे पाकीट मारले तर लोहमार्ग पोलीस, ते राज्याचे. रेल्वेचा माल गेला तर रेल्वे सुरक्षा दल, ते १९५७च्या कायद्याने उभे राहिले आणि केंद्राचे. १९६६च्या कायद्याखालची चौकशी दलाचा अधिकारीच करतो. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे संरक्षण आपल्याला फार जुने. पण महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निर्णय दिला की दलाचा हा अधिकारी त्या अर्थाने पोलीस नव्हे. मग त्याच्यापुढचा जबाब कोर्टात चालतो. अटक तोच करणार, चौकशी तोच करणार, पण पोलीस मात्र तो नाही! शब्द कायदेशीर असेल. अंगठा उठविणाऱ्या माणसाला त्यातला भेद कोणी समजावून सांगायचा?

याचा अर्थ कायदा सैल करावा असे आमचे म्हणणे नाही. रुळाची चावी काढणारा पाचदहा रुपयांचे लोखंड नेतो आणि गाडीभर माणसांचा जीव टांगणीला लावतो. कठोरपणा हवाच, तो पोत्यापाशी अडकून न राहता पोते भरणाऱ्यापर्यंत पोचावा, एवढेच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच दिशा दिसते. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद. पण राहत्या घरातील चोरीप्रमाणेच माल वाहणाऱ्या वाहनातून केलेली चोरी आणि सरकारी मालमत्तेची चोरी यांस कलम ३०५खाली सात वर्षांपर्यंत.

आता आपल्या त्या दहा गाठी. चोर तुरुंगात गेला म्हणून गाठींचे पैसे आपोआप हाती येत नाहीत. १ जानेवारी १९६२पासून रेल्वेची जबाबदारी माल वाहणाऱ्या धंदेवाइकाची आहे. आज ती १९८९च्या रेल्वे कायद्यात आहे, आणि चोरी झाली म्हणून रेल्वेला त्यातून सुटता येत नाही. मात्र चार पैसे वाचविण्यासाठी आपण 'मालकाच्या जोखमीवर' असा सवलतीचा दर घेतला असेल, तर रेल्वेचा हलगर्जीपणा आपणच दाखवून द्यावा लागतो. तेव्हा पावतीवर दर कोणता लिहिला आहे, हे धक्का सोडण्यापूर्वी वाचावे. आणि भरपाई मागणारी लेखी नोटीस माल सोपविल्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जावी लागते. चोरी उघडकीस आल्या तारखेपासून नव्हे, माल सोपविल्या तारखेपासून.